खुर्ची नसताना शब्दाला वजन कसं आणायचं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या शेडमध्ये एखादा माग अचानक थांबला, की कामगार आधी कुणाकडे बघतो ते पाहावं. मुकादम दाराशी असतो, सुपरवायझर काचेमागे. नजर मात्र जाते तिसऱ्या रांगेतल्या एखाद्या विणकराकडे. त्याला कुणी नेमलेलं नसतं, मजुरीही इतरांएवढीच. शाळेत, पतसंस्थेत, दवाखान्याच्या वॉर्डात असा एक माणूस किंवा अशी एक बाई असतेच. तिथवर कसं पोचायचं, त्याची ही कृती आहे. त्यासाठी गोड स्वभाव लागत नाही, मोठा आवाजही नाही. काही सवयी लागतात, आणि त्या कंटाळा आला तरी रोज पाळाव्या लागतात.

हुद्द्याशिवाय लोक ऐकतात का, हा प्रश्न निदान सोलापुरात तरी विचारू नये. ९ ते ११ मे १९३० ला शहरात पोलीस उरले नव्हते, तेव्हा वाहतुकीपासून बंदोबस्तापर्यंत सगळं काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळलं. १२ मेला मार्शल लॉ लागला, म्हणजे हुद्देवाले परत आले.

विश्वास म्हणजे लोकांनी तुमच्याबद्दल बांधलेला अंदाज. "हा गुरुवार म्हणाला म्हणजे गुरुवारच." असा अंदाज पुन्हा पुन्हा बरोबर ठरला की माणसं तुमच्यावर भार टाकायला लागतात. म्हणून खडूस माणसावरही लोकांचा विश्वास असतो आणि चहा पाजणाऱ्यावर नसतो.

अविश्वासाची कारणं मात्र वेगवेगळी असतात, आणि औषध चुकलं की दुखणं वाढतं. "याला हे काम जमतं का?" अशी शंका असेल तर मोठे शब्द देऊन ती वाढेल, तिथे एक काम हातात घेऊन नीट करून दाखवावं लागतं. "जमतं, पण करेल का?" अशी शंका असेल तर कौशल्य दाखवून काही होत नाही, तारखा पाळाव्या लागतात. तिसरी शंका सगळ्यात चिवट: "हा नक्की कुणाचा माणूस?" छोट्या कारखान्यात मालक, मुकादम आणि कामगार कधी एकाच पेठेतले असतात, कधी एकमेकांचे पाहुणे. तिथे ही शंका तोंडावर कुणी बोलत नाही. तुम्ही आल्यावर गप्पा थांबतात, तेवढ्यावरून ओळखायचं.

पंधरा दिवसांची वही

सुरुवात स्वतःच्या हिशोबापासून. खिशात मावेल अशी वही घ्या. मोबाइल नको, तो उघडला की भलतंच काही उघडतं. पंधरा दिवस जेव्हा जेव्हा तोंडून "करतो", "बघतो", "सांगतो", "देतो" निघेल तेव्हा एक ओळ लिहायची: कुणाला, काय, कधीपर्यंत. काम झालं की बरोबरची खूण, वेळ टळली की फुली. "चहा सांगतो" म्हणून विसरलात तरी फुली. सोळाव्या दिवशी मोजा.

मोजल्यावर सहसा असं दिसतं की आपण वाटतं त्याहून कितीतरी जास्त शब्द वाटत असतो, आणि फुल्या मोठ्या कामांसमोर नसतात. मोठं काम आपल्यालाही आठवतं. "त्या पावतीची झेरॉक्स आणून देतो" हे फक्त समोरच्याला आठवतं. पत घसरते ती अशा झेरॉक्सवर.

सगळ्यात महाग पडणारा शब्द "बघतो". म्हणणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ "बहुतेक नाही" असतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात "बहुतेक हो". दोघंही खोटं बोललेले नसतात, तरी आठ दिवसांनी एकाला फसवल्यासारखं वाटतं. त्यामुळे "बघतो" पूर्ण सोडा. त्याच्या जागी यातलं एक:

"हो. गुरुवारी चारच्या आत."

"नाही, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. स्टोअरमध्ये विचारा, चावी त्यांच्याकडे असते."

"आत्ता सांगता येत नाही. उद्या जेवणाच्या सुट्टीत सांगतो, हो किंवा नाही."

तिसरं उत्तर दिलंत तर उद्या जेवणाच्या सुट्टीत आपण होऊन उठून जायचं. उत्तर अजून मिळालेलं नसलं तरी जायचं आणि "अजून कळलं नाही, परवा सकाळी सांगतो" एवढं बोलून यायचं. समोरच्याला विचारायला यावं लागलं की त्या शब्दाची निम्मी किंमत गेली.

पद नसलेल्या माणसाने एक कुंपण पक्कं घालून घ्यावं. दुसऱ्याच्या हातातल्या गोष्टीचा शब्द द्यायचा नाही. पगारवाढ, उचल, रजा, पाळी बदलून मिळणं, यातलं काहीच तुमच्या हातात नसतं. "मी बोलतो शेठशी, होऊन जाईल" या वाक्यातलं पहिलं अर्धं खरं असतं, दुसरं नसतं, आणि लोक दुसरं धरून बसतात. देता येतो तो विचारण्याचा शब्द: "शनिवारी हिशोबाच्या आधी शेठना विचारतो, आणि जे काय म्हणतील ते तसंच तुला सांगतो." मग शेठ नाही म्हणाले तर तो नकार त्याच दिवशी पोचवायचा. नकार वेळेवर आणून देणारा माणूस लोक विसरत नाहीत, कारण असा माणूस क्वचित मिळतो. बाकीचे नकाराच्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने घरी जातात.

शब्द चुकणार असं दिसलं की

चुकणार हे कळल्यावर आणि चुकण्याआधी मधे जो वेळ असतो, तिथे पत वाचते किंवा बुडते. साधा नेम असा ठेवा: दिलेल्या मुदतीतली निम्मी वेळ उरलेली असताना कामाकडे एकदा तपासायच्या नजरेने बघायचं, आणि शंका असेल तर तेव्हाच सांगायचं.

गणवेशाचं उदाहरण घेऊ. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये शिलाईच्या युनिटांत श्वास घ्यायला फुरसत नसते, वर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा उन्हाळा. समजा ६०० शर्ट १० जूनला द्यायचेत आणि १ जूनला काज करायचं मशीन बंद पडलं. तुम्ही लाइनवरचे कारागीर आहात, सुपरवायझर नाही. तरीही पहिलं सांगणं तुमचं असू शकतं, आणि ते असं असावं:

"काजाचं मशीन सकाळपासून बंद आहे. मेकॅनिक उद्या दुपारी येतोय. १० तारखेला ४०० शर्ट पूर्ण होतील, २०० राहतील, ते १२ ला दुपारपर्यंत. शाळेला विचारून घ्या, आधी कोणत्या इयत्तांचे लागतात. त्या मापांचं काम आज पुढे घेतो."

काय झालं, किती उशीर, काय चाललंय, समोरच्याने काय करायचं, एवढं यात आलं. मशीन का बिघडलं, त्याचं तेलपाणी कुणी केलं नव्हतं, मागच्या वर्षीही असंच झालं होतं, हे यात नाही. कारणमीमांसा उपायापेक्षा लांबली की ऐकणारा एवढंच ऐकतो की हा स्वतःला वाचवतोय. कारणं जरूर शोधा, पण माल गेल्यावर.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे अडचण फक्त वर सांगायची आणि शेजारच्याला नाही. पॅकिंगच्या बायकांना १० तारखेला संध्याकाळी कळतं की २०० शर्ट नाहीत, आणि त्या रात्री नऊपर्यंत थांबलेल्या असतात. मालकाच्या नजरेत तुम्ही जबाबदार ठरता, पॅकिंगच्या टेबलावर मात्र तुमचं नाव कायमचं जातं. ज्याच्या कामावर परिणाम होणार, त्याला आधी किंवा निदान त्याच वेळी सांगायचं.

पाळी बदलतानाची दहा मिनिटं

विश्वास कमवायची सगळ्यात स्वस्त जागा कोणती असं विचारलं, तर आम्ही पाळी बदलण्याची वेळ सांगू. दहा मिनिटांत होतं, कुणाची परवानगी लागत नाही, आणि रोज संधी मिळते. पुढच्या पाळीचा माणूस तुम्हाला फारसं भेटत नाही, तो फक्त तुम्ही मागे काय ठेवून गेलात ते पाहतो. तुमच्या गैरहजेरीत तुमच्याबद्दल तो जे बोलतो, तेच शेडभर पसरतं.

एक चिठ्ठी लिहा. माग चालवणाऱ्याची चिठ्ठी साधारण अशी असते:

"माग ७. लूपचा बीम दुपारी ४ ला बदलला. लॉट १४ चालू आहे, लॉट १५ दुसऱ्या ट्रॉलीत, मिसळू नये. डावीकडे ताण्याचे (उभे) धागे ६ वेळा तुटले. खालच्या बीमचा ताण थोडा सैल करून चालवलाय. जॉबरला अजून सांगितलेलं नाही. तेलाचे डाग पडलेले ३ टॉवेल बाजूला काढलेत."

(जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा.) यातली सर्वांत मोलाची ओळ ताण सैल केल्याची. टेरी टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात. एक खालच्या विणीचा, ताठ. दुसरा लूपचा, सैल सोडलेला. एकाचा ताण हलला की लूपची उंची, टॉवेलची लांबी, वजन, सगळंच थोडं थोडं सरकतं. तुम्ही काय केलंय हे रात्रपाळीच्या माणसाला माहीत नसेल, तर वजन वेगळं आलेलं पाहून तो दुसरीकडे काहीतरी पिळतो. मग सकाळचा माणूस तिसरीकडे. दुपारपर्यंत एकाच ऑर्डरमध्ये तीन वजनांचे टॉवेल, आणि तिघंही शपथेवर सांगतात की मी काही केलं नाही. तात्पुरता केलेला जुगाड लपवण्याकडे आपला कल असतो, कारण त्यात कमीपणा वाटतो. लिहून ठेवलेला जुगाड ही दुरुस्तीची पहिली पायरी असते. लपवलेला जुगाड म्हणजे दुसऱ्याच्या रात्रीत पुरलेला सुरुंग.

लॉट नंबर लिहायचं कारणही तितकंच रोकडं आहे. रंगाच्या दोन लॉटमधला फरक ट्यूबलाइटखाली दिसत नाही, गिऱ्हाइकाच्या दुकानात उन्हात दिसतो.

वॉर्डातल्या सिस्टरने हेच काम कॉटशेजारी उभं राहून करावं: शेवटचा डोस किती वाजता दिला, कोणता द्यायचा राहिलाय, सलाइन किती उरलंय, आणि नातेवाइकांना काय सांगितलंय. ते शेवटचं हटकून राहतं. मग सकाळच्या सिस्टरने वेगळं काही सांगितलं की नातेवाईक दोघींवरचा विश्वास एकदमच काढून घेतात. पतसंस्थेत रोखपालाची खुर्ची बदलताना नोटा दोघांनी मोजायच्या, ५००, २००, १०० वेगवेगळ्या लिहायच्या, आणि कमी भरलं तर दोघं उठण्याआधी बोलायचं. "तुझ्यावर विश्वास आहे, मोजायची गरज नाही" हा प्रेमळपणा घातक असतो. मोजल्याने विश्वास कमी होत नाही, न मोजल्याने महिन्याभरात जातो.

गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, कित्येक दिवस आधीपासून नंदीध्वजाचा, यात्रेत मिरवायच्या उंच काठीचा, सराव चालतो, तो पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. काठी एकाकडून दुसऱ्याकडे जाताना पहिल्याने हात कधी सोडायचा, यावर सगळं असतं.

हाक, भाषा आणि "बे"

सोलापुरात एका शेडमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एका तासात ऐकू येतात. वयाने मोठ्या माणसाला अण्णा, काका, चाचा, बाईला अक्का, मावशी. जी हाक इतर लोक त्यांना मारतात ती मारा, आपण नवी शोधू नका. "बे" बद्दल बाहेरगावाहून आलेल्यांनी सावध असावं. बरोबरीच्या दोस्ताला "का बे" म्हणजे जिव्हाळा. तेच वयाने मोठ्याला, नव्या माणसाला किंवा चारचौघांत चूक दाखवताना म्हटलं तर अपमान. आणि एक बारीक गोष्ट: सुपरवायझर समोर असताना हेल्परला अरे-तुरे आणि तो गेल्यावर "दादा", असं करणारा माणूस लोक दोन दिवसांत ओळखतात.

दोन भाषा येणाऱ्याकडे पद नसलं तरी दुभाष्याचं काम आपोआप येतं, आणि ते जपून करायचं काम आहे. तेलुगू बोलणारी कामगार बाई म्हणाली "दारं तेगिंदि", तर "धागा तुटला" एवढंच सांगायचं. "सारखा तुटतोय, सूतच हलकं आहे" ही भर तुमची. ती घालायची तर वेगळी घाला: "ती म्हणते धागा तुटला. सूत हलकं असावं, हे माझं म्हणणं." उलट बाजूने सुपरवायझर चिडून बोलला तर शिव्या गाळायला हरकत नाही, मजकूर गाळू नका. "आज पाच वाजेपर्यंत झालं नाही तर ओव्हरटाइम नाही" याचं "जरा लवकर करा म्हणतायत" असं केलंत, तर पाच वाजता तुमच्यावरच येईल. आणि ज्याला ती भाषा कळत नाही त्याच्यासमोर, त्याच्याबद्दल, त्या भाषेत बोलू नये. आपलं नाव कुठल्याही भाषेत कळतंच.

भिशी

कामाच्या जागी भिशी असतेच, आणि लोक ज्याच्यावर विश्वास टाकतात त्याच्याकडेच ती चालवायला येते. नाही म्हणायला येत असेल तर नाही म्हणा. घेतलीत तर मात्र पहिल्या दिवशी एका पानावर नियम लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. बारा जण, दरमहा १,००० रुपये, बारा महिने, म्हणजे दर महिन्याला १२,००० उचलले जातील. तारीख एकच, पगारानंतरच्या दोन दिवसांत. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर, शक्यतो कुणाच्या तरी लहान मुलाच्या हाताने. पैसे दोघांनी मोजायचे, दोघांच्याही वहीत नोंद.

भांडण होतं ते ठरलेल्या एका जागी. तिसऱ्या महिन्यात भिशी उचललेला माणूस पाचव्यात काम सोडून पुण्याला जातो, उरलेले आठ हप्ते येत नाहीत. ते कोण भरणार? पैसे उचलताना प्रत्येकाने दोन जामीन द्यायचे, असं आधीच पानावर लिहिलेलं असेल तर प्रश्न सुटतो. नाहीतर ते ८,००० रुपये अखेर तुमच्या नावावर चढतात. बऱ्याच ठिकाणी चालवणाऱ्याने पहिली भिशी घ्यायची रीत आहे. आमचं मत: घेऊ नका. रीत असली तरी बाकीच्यांच्या मनात कुठेतरी खटकतं. आणि भिशी चालवत असाल तोवर त्यातल्या कुणाकडूनही हातउसने घेऊ नका, पन्नास रुपयेसुद्धा.

श्रेय द्यायचं कुठे, चूक सांगायची कशी

श्रेय ज्याच्या कानावर जायला हवं त्याच्यासमोर, नाव घेऊन, आणि नेमकं काय केलं ते सांगून द्यायचं. "सगळ्यांनी छान काम केलं" हे श्रेय नव्हे. "डावीकडचे धागे का तुटतात ते रात्रपाळीच्या अण्णांनी शोधलं, फणीत खाच होती" हे श्रेय. कॅन्टीनमध्ये पाठ थोपटून मालकासमोर "आम्ही शोधलं" म्हणालात, तर ती थोपटलेली पाठही दुखते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकायचं जाहीर केलं. प्राथमिक शिक्षकाचं पद, पण जगभरच्या शिक्षकांनी त्यांचं नाव लक्षात ठेवलं, त्याला या वाटणीचाही हातभार होता.

चूक झाली तर थोडक्यात: "लॉट १४ आणि १५ माझ्याकडून मिसळले. ४० टॉवेल वेगळे काढलेत, रंग तपासून दुपारपर्यंत सांगतो. यापुढे ट्रॉलीवर खडूने लॉट लिहीन." बस. "काही चुकलं असेल तर माफ करा" यात माफी नाही, शंका आहे. रडवेलं होऊन दहा वेळा माफी मागितली तर समोरच्याला तुमचीच समजूत काढत बसावं लागतं. खडूने लॉट लिहिणं मात्र दुसऱ्या दिवसापासून दिसलं पाहिजे. लोकांचं लक्ष माफीवर नसतं, ट्रॉलीवर असतं.

वर एक, खाली एक नको

तुमच्या शब्दाला वजन आलं की मालक तुम्हाला आत बोलावून विचारायला लागतो, "काय चाललंय बाहेर?" इथे बरेच चांगले लोक बुडतात. आतून बाहेर आल्यावर सगळे तुमच्याकडे बघतात, आणि तुम्ही "काही नाही, असंच" म्हणालात की तुम्ही मालकाचा माणूस झालात. बाहेर येऊन सांगण्यासारखं जे असेल ते लगेच सांगा: "दिवाळीच्या ऑर्डरबद्दल विचारत होते. पाण्याच्या टाकीचं मी सांगितलं, सोमवारपर्यंत बघतो म्हणाले." (शेठचं "बघतो" आपल्याला बदलता येत नाही, सोमवारी आठवण मात्र करता येते.)

आत बोलताना प्रश्न न्यावा, नावं नेऊ नयेत. "उन्हाळ्यात दुपारी दोननंतर पिण्याचं पाणी संपतं, त्यामुळे लोक बाहेर जातात" हे चालतं. "अमका सारखा बाहेर जातो" हे नाही. कुणाची वैयक्तिक अडचण न्यायची असेल तर त्याला आधी विचारा, "तुझं नाव घेऊ का?" तो नको म्हणाला तर घ्यायचं नाही. नाव न घेताही तो ओळखू येईल अशी गोष्ट असेल, तर तेही त्याला आधी सांगा.

गुपिताचा शब्द ऐकण्याआधी देऊ नका. "कुणाला सांगणार नाही ना?" असं कुणी म्हणालं तर उत्तर: "तुझी गोष्ट माझ्याकडेच राहील. कुणाच्या जिवाला धोका असेल तर मात्र गप्प बसणार नाही, पण ते तुला सांगूनच करेन." कुणा बाईने छळाबद्दल सांगितलं तर परस्पर समेट घडवायला जाऊ नका. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान जागी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. ही माहिती तिला द्या, ती म्हणाली तर सोबत जा, निर्णय तिचा.

व्हॉट्सअॅपबद्दल एवढंच: ग्रुपवर कुणाची चूक काढायची नाही, आणि कुणी खाजगीत लिहिलेल्याचा स्क्रीनशॉट कुणालाही पाठवायचा नाही. मालकालाही नाही, बायकोलाही नाही.

सणांची अदलाबदल

डिसेंबरमध्ये पुढच्या वर्षाचं कॅलेंडर आलं की एक कागद फळ्याशेजारी चिकटवा आणि प्रत्येकाला त्याचे चुकवता न येणारे दोन दिवस लिहायला सांगा. जानेवारीत संक्रांतीला गड्डा, मग रमजान ईद, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, अक्षय्यतृतीयेला बसवजयंती, आषाढीला पंढरपूर, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथोत्सव. सगळ्यांचे दिवस एकच नसतात, हीच या गावाची सोय आहे. कोण कुणाच्या जागी उभा राहील ते जोड्या लावून लिहा आणि साहेबांना दाखवून ठेवा, म्हणजे रजा मंजूर करणं त्यांना सोपं जातं.

पहिली पाळी तुम्ही द्या, आणि ती अडचणीची द्या. ईदच्या रात्री कुणाच्या जागी उभे राहिलात तर गड्ड्याच्या दिवशी तो आपण होऊन येतो. आला नाही तर एकदा विचारा, चारचौघांत उणंदुणं काढू नका. दुसऱ्यांदाही आला नाही तर पुढच्या वर्षी त्याच्याशी जोडी लावू नका, आणि का लावत नाही ते त्याला सांगा.

गेलेली पत

ती परत येते, पण गेली त्याच वाटेने. तारखा चुकवून गेली असेल तर समोसे वाटून येत नाही, तारखा पाळूनच येते. ज्याच्याशी बिनसलंय त्याला छोटा, लवकर संपणारा शब्द द्या, आजच्या आज पुरा होईल असा, आणि पुरा करा. असे आठ-दहा झाल्याशिवाय मोठा देऊ नका. बाजू घेतल्यामुळे गेली असेल तर जास्त वेळ लागतो. तिथे ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या गैरहजेरीत त्याची बाजू नीट मांडणं एवढंच हातात असतं, आणि ते त्याच्या कानावर आपण घालायचं नसतं. घालणारे दुसरे असतात.

नव्या ठिकाणी रुजू झाला असाल तर पहिले दोन आठवडे सूचना देऊ नका. "आमच्याकडे आधी असं करायचे" हे वाक्य तर महिनाभर तोंडातून काढू नका. कोण कुठल्या मागावर, कुणाला कमी ऐकू येतं, जॉबर कुणाच्या हाकेला लगेच येतो, कुणाच्या हाकेला चहा संपवून, ते पाहा आणि रोज चिठ्ठी लिहा.

जमलं की नाही ते कसं कळतं? स्तुतीवर जाऊ नका. वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर येते ते बघा. तीन टॉवेलांवर डाग पडले, हे हेल्परने आपण होऊन, हसत नाही पण न घाबरता, तुम्हाला त्याच तासात सांगितलं. नवी मुलगी म्हणाली, "मला काज जमत नाहीत, दाखवाल का?" एखादा तुमच्या तोंडावर म्हणाला, "अण्णा, हे तुमचं चुकलं." आणि तुम्ही आत आल्यावर गप्पा चालूच राहिल्या.